सहलीची उरलेली रक्कम, चुकलेली तारीख आणि टूर कंपनीशी तंटा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी दोन-तीन महिने टूर कंपन्यांच्या काउंटरवर तेच भांडण ऐकू येतं. बुकिंगला माणशी पंचवीस हजार भरलेले असतात, बाकीचे अमुक तारखेला भरायचे असतात, ते राहून जातात. मग कंपनी म्हणते, सीट गेली आणि बुकिंगचे पैसेही गेले. खालची उत्तरं या तंट्यांपुरती आहेत. भर महाराष्ट्रातून निघणाऱ्या ग्रुप टूरवर आहे. परदेशात राहून तिथल्या कंपनीकडे बुकिंग करणाऱ्यांसाठी शेवटाकडे एक प्रश्न घेतला आहे. रक्कम मोठी असेल तर एकदा वकिलाला कागद दाखवाच.

शेवटची तारीख चुकली. बुकिंगची रक्कम बुडाली असं समजायचं का?

लगेच नाही. कंपनीचा माणूस फोनवर कितीही ठामपणे सांगो, दोन गोष्टी तपासल्याशिवाय मान डोलवू नका. ती तारीख पैसे भरण्याआधी तुम्हाला लेखी दिली होती का? आणि तुमच्या उशिरामुळे कंपनीचं खरोखर किती नुकसान झालं?

दुसरा मुद्दा जास्त वजनाचा. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम ७४ म्हणतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. ‘नॉन-रिफंडेबल’ छापलं म्हणजे विषय मिटला, असं होत नाही.

यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण हा निकाल वाचण्यासारखा आहे. प्रकरण जमिनीचं, पण गाभा हाच. १९८२ मध्ये प्राधिकरणाने भिकाजी कामा प्लेसमधला भूखंड लिलावात दिला. घेणाऱ्याने २५ टक्के, म्हणजे ७८ लाख भरले. उरलेले ७५ टक्के वेळेत गेले नाहीत. प्राधिकरणाने मुदत वाढवून दिली, नंतर व्यवहार रद्द करून ७८ लाख जप्त केले आणि १९९४ मध्ये तोच भूखंड ११ कोटी ७८ लाखांना विकला. न्यायालयाने विचारलं, यात तुमचं नुकसान काय झालं? अनामत व्याजासह परत करायला लावली.

तुमची सीट कंपनीने दुसऱ्याला, कदाचित चढ्या भावाने, विकली असेल तर हाच प्रश्न तिला विचारा. मात्र दुसरी बाजूही खरी आहे. ग्रुप तिकिटांसाठी विमान कंपनीला आगाऊ भरलेले पैसे बुडाले असतील, हॉटेलने खोलीचं भाडं कापून घेतलं असेल, तर ते नुकसान तुमच्या माथी येणारच. शिवाय अनामत माफक असेल तर ती जप्त करणं हा दंड ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मौला बक्ष प्रकरणात १९६९ मध्येच सांगितलं आहे. दोन लाखांच्या टूरवर दहा हजार जाणं आणि एक लाख जाणं यात म्हणूनच फार फरक आहे.

तारीख बुकिंगच्या वेळी सांगितलीच नव्हती. नंतर व्हॉट्सअॅपवर आली.

मग तुमची बाजू चांगलीच भक्कम आहे. करार झाल्यावर एकाने परस्पर घातलेली अट दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही. पण आधी बुकिंग फॉर्मची मागची बाजू बघा. वेबसाइटवरून बुक केलं असेल तर ‘मला अटी मान्य आहेत’ या चौकटीला तुम्ही टिचकी मारलेली असते, आणि तारीख बहुधा त्या अटींमध्ये असते. बुकिंगच्या दिवशी अटींचं पान पीडीएफ करून ठेवा. कंपन्या ती पानं बदलत असतात.

‘प्रस्थानापूर्वी ३० दिवस’ मोजायचे कसे?

प्रस्थान २० मे रोजी असेल तर साध्या हिशेबाने २० एप्रिल. भांडण होतं ते दोन कारणांनी. एक, अटींत ‘कामकाजाचे दिवस’ लिहिलं असेल तर रविवार आणि सुट्ट्या वगळून मोजायचं, म्हणजे तारीख आठवडा-दीड आठवडा आधी येते. दोन, रात्री साडेबारानंतरचं विमान. तुम्ही घरातून १९ तारखेला निघता, तिकिटावर २० असते. अटीत ‘प्रस्थान’ म्हणजे काय हे लिहिलं नसेल आणि वाक्याचे दोन अर्थ निघत असतील तर ज्याने अट लिहिली त्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ घ्यावा, असं न्यायालयांचं सर्वसाधारण धोरण आहे. एका दिवसावरून पैसे जप्त करू पाहणाऱ्या कंपनीला हे नम्रपणे कळवा.

कंपनीने आठवणच केली नाही.

तारीख लेखी असेल तर आठवण करणं कंपनीवर बंधनकारक नाही. हा बचाव फारसा टिकत नाही.

पैसे शेवटच्या दिवशी पाठवले, पोचले दुसऱ्या दिवशी. चूक कोणाची?

तुमच्या खात्यातून कधी गेले ते आधी बघा. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते. त्यामुळे ‘रविवार होता’ हे कारण आता कोणी ऐकत नाही. खरी अडचण निराळी असते. कंपनीचं खातं नव्याने जोडलं की बऱ्याच बँका पहिले चोवीस तास मोठी रक्कम जाऊ देत नाहीत. यूपीआयवरही एका व्यवहाराला मर्यादा असते; चौघांच्या युरोप टूरची बाकी तीत बसते का, ते आधी बघा. म्हणून दोन-चार दिवस आधी एक रुपया पाठवून खातं चालू करून ठेवा.

यूपीआयवर पैसे कापले गेले पण दुकानदाराकडे पोचल्याचं दिसत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे बँकेला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. तुम्ही मात्र त्याच दिवशी व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट कंपनीला ईमेल करा. वेळेत प्रयत्न केल्याचा हा पुरावा पुढे फार कामाला येतो.

रोखीने भरणाऱ्यांसाठी एवढंच: २ लाख किंवा त्याहून अधिक रोख एका व्यवहारात घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे. कोणी घेत असेल तर त्याची पावतीही तशीच मिळेल.

पैसे आमच्या भागातल्या एजंटकडे वेळेत दिले. कंपनी म्हणते आम्हाला मिळाले नाहीत.

सांगली, नांदेड, रत्नागिरीसारख्या ठिकाणी कंपनीचं स्वतःचं ऑफिस नसतं, दुकानवजा एजन्सी असते, आणि तिथेच हा घोळ होतो. एजंटच्या दुकानावर कंपनीचा बोर्ड, कंपनीचे फॉर्म, कंपनीच्या नावाची पावती असेल तर त्याने घेतलेले पैसे कंपनीने घेतल्यासारखेच आहेत. प्रतिनिधीने दिलेल्या अधिकारात केलेली कृती मालकावर बंधनकारक असते, हे करार कायद्यातच आहे. आणि अधिकार आहे असं लोकांना वाटेल असं कंपनीनेच वागून दाखवलं असेल तरी ती सुटत नाही. त्या दोघांचा हिशेब त्यांनी आपसात बघावा.

पण पावती एजंटच्या स्वतःच्या ट्रॅव्हल्सच्या नावाची असेल, किंवा पैसे त्याच्या बायकोच्या गूगल पे वर गेले असतील, तर गोष्ट अवघड होते. तरीही तक्रारीत कंपनी आणि एजंट दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. पावती न देणं हीच ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे एजंटला सुरुवातीलाच सांगितलं तर पुष्कळदा पावती निघते.

व्हिसा अजून हातात नाही आणि कंपनी पूर्ण रक्कम मागते. आधी व्हिसा, मग पैसे, असं म्हणता येईल का?

म्हणता येईल, पण अटींत उलटं लिहिलेलं असेल तर कंपनी ऐकणार नाही. आणि बहुतेक अटींत उलटंच लिहिलेलं असतं. ‘व्हिसा देणं न देणं वकिलातीच्या हातात, नाकारल्यास कॅन्सलेशन चार्जेस लागू’ हे वाक्य जवळपास सगळीकडे सापडतं.

इथे भांडण्यापेक्षा तारखा मागे सरकवणं शहाणपणाचं. युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, काही वेळा ४५ दिवसांपर्यंत लागतात. त्यात मेच्या आधी मुंबईत अपॉइंटमेंट मिळायची मारामार. बाकी भरायची तारीख प्रस्थानाआधी ४५ दिवस असेल तर अर्ज किमान तीन-साडेतीन महिने आधी जायला हवा. कंपनी सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून शेवटी एकगठ्ठा अर्ज करत असेल तर बुकिंगच्या वेळीच विचारा, आमचा अर्ज कधी जाणार, आणि उत्तर ईमेलवर घ्या. कागद वेळेत दिल्यावर कंपनीनेच अर्ज उशिरा भरला आणि त्यामुळे व्हिसा हुकला, तर ती सेवेतली त्रुटी आहे; मग कॅन्सलेशन चार्जेसचं कलम ती तुमच्यावर उगारू शकत नाही.

बुकिंगच्या वेळी सांगितलं त्यापेक्षा बाकी रक्कम जास्त निघाली. भरायची का?

फरक कशाचा आहे त्यावर अवलंबून. परदेशी टूरची किंमत बऱ्याचदा दोन भागांत असते: काही रुपयांत, काही डॉलर किंवा युरोत. परकी चलनाचा भाग पैसे भरता त्या दिवशीच्या दराने मोजतात. ही पद्धत अटींत असेल तर रुपया घसरल्याचा भार तुमच्यावर. पण दर कोणाचा? गूगलवर दिसणारा दर आणि कंपनीने लावलेला दर यात दोन-तीन रुपयांचा फरक दिसला तर कोणत्या बँकेचा कोणता दर लावला, हे लेखी मागा.

दुसरा फरक टीसीएसचा, म्हणजे विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून गोळा करून सरकारकडे भरायच्या आयकराचा. परदेशी टूर पॅकेजवर हा कर १ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झाला, तेव्हा ५ टक्के होता. १ ऑक्टोबर २०२३ पासून वर्षाला ७ लाखांवरच्या रकमेला २० टक्के लागला. एप्रिल २०२५ मध्ये ती मर्यादा १० लाखांवर गेली. तरतुदी अशा बदलत राहतात, म्हणून भरण्याच्या दिवशीचा दर तपासा. हा पैसा कंपनीच्या खिशात जात नाही. तो तुमच्या पॅनवर जमा होतो, आयकर खात्याच्या २६एएस या करजमेच्या पत्रकात दिसतो आणि विवरणपत्र भरताना तुमच्या करात वळता करता येतो किंवा परताव्यात मागता येतो. यावरून काउंटरवर आवाज चढवणारे पुष्कळ असतात; तो आवाज वाया जातो.

तिसरा फरक, ‘इंधन वाढलं’, ‘हॉटेल बदललं’ अशा नावांचा. अटींत आधार नसेल आणि आकडा कसा काढला ते कंपनी सांगत नसेल, तर मूळ ठरलेली बाकी वेळेत भरा आणि वादातल्या वाढीबद्दल ‘हरकत राखून’ असं ईमेलमध्ये लिहा. सगळीच रक्कम अडवून धरलीत तर तारीख चुकवल्याचा ठपका तुमच्यावर येतो, आणि कंपनीला आयतं कारण मिळतं.

उशिरा दिलेले पैसे कंपनीने मुकाट्याने घेतले. आता निघण्याआधी लेट फी मागते.

करार कायद्याचं कलम ५५ इथे थेट लागू पडतं. वेळेनंतर केलेली पूर्तता समोरच्याने स्वीकारली, तर उशिराबद्दल भरपाई मागण्याचा हक्क राखत असल्याचं त्याने स्वीकारतानाच कळवायला हवं. नुसती पावती देऊन नंतर फी आठवली, तर नकार द्या. याच कारणासाठी मुदतवाढीचं तोंडी आश्वासन मिळालं की लगेच मेसेज करा: ‘आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे बाकी रक्कम ५ तारखेपर्यंत भरतो आहे.’ समोरून आलेला अंगठासुद्धा उपयोगी पडतो.

कॅन्सलेशनचा टक्का भरलेल्या रकमेवर की पूर्ण किमतीवर?

या प्रश्नावर सगळ्यात जास्त लोक फसतात. तक्त्यात ‘३० ते १६ दिवस : ५० टक्के’ असं दिसतं आणि आपण समजतो, भरलेल्या वीस हजारांतले दहा गेले. तक्त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘टूरच्या एकूण किमतीच्या’ असं असतं. दीड लाखांच्या टूरवर ते पंचाहत्तर हजार होतात, म्हणजे तुमचे वीस हजार तर गेलेच, वर कंपनी पंचावन्न हजार मागू शकते, निदान कागदावर. प्रत्यक्षात त्यासाठी कंपन्या मागे लागलेल्या क्वचित दिसतात, कारण मग नुकसान सिद्ध करावं लागेल. तशी नोटीस आलीच तर घाबरून भरू नका. कलम ७४ दाखवा आणि विमान व हॉटेलच्या रद्दपावत्या मागा.

जायचं नाही हे पक्कं झालं असेल तर बाकीची तारीख नुसती जाऊ देऊ नका. त्याच दिवशी लेखी रद्द करा. टक्क्याची पायरी रद्द केल्याच्या तारखेवर ठरते, आणि गप्प बसलेला माणूस रोज एकेक पायरी खाली घसरतो.

‘दोनच सीट शिल्लक, आज पूर्ण भरलं तरच भाव मिळेल’ असं सांगून पूर्ण पैसे घेतले.

खोटी घाई निर्माण करणं हा डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला चकवून निर्णय घ्यायला लावणारी क्लृप्ती आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा १३ प्रकारांची यादी आहे. न विचारता विमा किंवा जादा सेवा बिलात सरकवणं, आणि किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणं हेही त्यात येतं. आठवड्याने त्याच टूरवर ‘दोनच सीट’ दिसल्या तर स्क्रीनशॉट काढून ठेवा.

कंपनीनेच टूर पुढे ढकलली. तरी बाकी त्याच तारखेला भरायची का?

प्रस्थानाची तारीख बदलली तर त्यावरून मोजलेली मुदतही बदलते. नवी तारीख तुम्हाला सोयीची नसेल तर पूर्ण परतावा मागा. ‘पुरेसे लोक जमले नाहीत’ हे कंपनीचं कारण आहे, तुमचं नाही. क्रेडिट नोट (तेवढी रक्कम पुढच्या टूरमध्ये वळती करण्याची चिठ्ठी) घ्यायची की रोख, हे ठरवायचा हक्क सोडू नका. घेतलीच तर तिची मुदत, हस्तांतर आणि सीझनचा जादा दर या तिन्ही गोष्टी वाचून घ्या.

पहलगामसारखं काही घडलं आणि बाकीची तारीख त्याच आठवड्यात असेल तर?

२२ एप्रिल २०२५ च्या हल्ल्यानंतर हा प्रश्न महाराष्ट्रातल्या हजारो घरांत आला. काश्मीरमधली अनेक पर्यटनस्थळं बंद झाली, विमान कंपन्यांनी श्रीनगरच्या तिकिटांवरचे रद्द करण्याचे आणि बदलाचे आकार काही दिवस माफ केले. ठिकाणच बंद झालं तर करार पार पाडणं अशक्य होतं आणि करार कायद्याच्या कलम ५६ चा आधार मिळतो. नुसती भीती वाटणं त्यात बसत नाही, हे कटू असलं तरी खरं आहे. अशा वेळी विमान कंपनीने किती माफ केलं ते शोधा. तिने तिकिटाचे पैसे परत दिले असतील तर टूर कंपनी ते तुमच्याकडून कापू शकत नाही.

पहिलं पत्र कसं लिहायचं?

छोटं आणि तारखांनी भरलेलं. राग दुसऱ्या कागदावर काढा. नमुना असा:

‘विषय : बुकिंग क्रमांक —, बाकी रकमेबाबत. महोदय, दिनांक — रोजी आम्ही — टूरसाठी रुपये — भरले. पावती सोबत आहे. बाकी भरण्याची तारीख — असल्याचं आपण दिनांक — रोजी प्रथमच कळवलं. आम्ही दिनांक — रोजी बाकी भरण्याची तयारी दाखवली. आपण ती नाकारून बुकिंग रद्द केलं. या रद्दीमुळे आपल्याला प्रत्यक्ष झालेलं नुकसान विमान व हॉटेलच्या कागदपत्रांसह कळवावं आणि ते वजा जाता उरलेली रक्कम १५ दिवसांत परत करावी. अन्यथा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.’

हे पत्र शाखेला नको, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने आणि नोंदणीकृत टपालाने. पुष्कळ तंटे इथेच मिटतात, कारण कंपनीला कागद दाखवायचे नसतात.

नाही मिटलं तर?

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. मराठीतही बोलता येतं. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांचं मार्गदर्शनही मिळतं. मग जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथे तक्रार करता येते, त्यामुळे ‘फक्त मुंबई न्यायकक्षा’ असं अटीत छापलेलं असलं तरी कोल्हापूरच्या माणसाने मुंबईला खेपा घालायची गरज नाही. तंटा लवादाकडेच न्यायचा असं कलम अटींत असलं तरी तेही आड येत नाही. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य. ऑनलाइन तक्रारीसाठी ई-जागृती पोर्टल आहे. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो; तारखा किती पडतात ते विचारू नका.

एक बारीक भेद: करारातलं कलमच अन्यायकारक आहे, ते रद्द करा, अशी मागणी असेल तर ती राज्य आयोगाकडे जाते. पैसे परत हवे असतील तर सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा म्हणून जिल्ह्यातच मागा.

मुलगा लंडनमध्ये आहे, त्याने तिथल्या कंपनीकडे पॅकेज घेतलं आहे.

त्याला इथला कायदा लागू नाही, पण तिथला बराच स्पष्ट आहे. ब्रिटनच्या २०१८ च्या पॅकेज ट्रॅव्हल नियमांनुसार निघण्याआधी कधीही रद्द करता येतं. कंपनी वाजवी आणि समर्थनीय शुल्कच घेऊ शकते, आणि उरलेले पैसे १४ दिवसांत द्यावे लागतात. किंमत ८ टक्क्यांहून जास्त वाढवली तर शुल्काशिवाय बाहेर पडता येतं. निघायला २० दिवसांहून कमी उरले की वाढवताच येत नाही. युरोपीय संघातही जवळजवळ हेच. शंभर पौंडांहून जास्त आणि तीस हजारांपर्यंतच्या खरेदीत नुसतं डिपॉझिट जरी क्रेडिट कार्डाने भरलं तरी १९७४ च्या ब्रिटिश ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ खाली बँकही जबाबदार धरता येते. मात्र पैसे मधल्या एजंटला दिले असतील तर ही साखळी तुटू शकते.

जाता जाता, २३ सप्टेंबर २०१९ ला बंद पडली ती ब्रिटनची थॉमस कुक. भारतातली थॉमस कुक ही तेव्हाही वेगळ्या मालकीची कंपनी होती. त्या आठवड्यात इथे घाबरून पुढची बाकी अडवून धरण्याचं कारण नव्हतं.

आयोगाने आमच्या बाजूने निकाल दिला, कंपनी पैसे देत नाही.

त्याच आयोगाकडे अंमलबजावणीचा अर्ज करा. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ खाली दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी वसुली होते. कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अर्जात कंपनीच्या संचालकांची नावं आणि पत्ते द्या. समन्स शाखेच्या पत्त्यावर गेलं तर ते तिथल्या टेबलावरच पडून राहतं.